हत्ती मागें लागला तरी

शिक्षकाच्या व्यवसायांत एक धोका आहे. वर्गांत बोललेल्या शब्दांचा हिशेब त्याच्याजवळ राहत नाहीं. सोनार सोनें तोलतो, वाणी धान्य तोलतो, वकिलाला तर शब्दाशब्दाचें मोल मिळतें. शिक्षक मात्र पन्नास मुलांपुढें दिवसाचे पांच तास बोलतो आणि घंटा झाली कीं हातांवरचा खडू झटकून बाहेर पडतो. त्यांतला कोणता शब्द कोणत्या मुलाच्या मनांत जाऊन बसला आणि तेथें त्याचें पुढें काय झालें, हें त्याला बहुधा कधींच कळत नाहीं. मला तें एकदां कळलें. परंतु तब्बल ३७ वर्षांनीं, आणि तेंहि शाळेपासून फार दूर, एका डोंगराच्या कड्यांत कोरलेल्या लेण्यांत. ती हकीकत सांगितल्यावांचून मनाला स्वस्थता वाटेना, म्हणून हा लेख लिहावयास बसलों आहें.

माझी सारी नोकरी शिरूर तालुक्यांत झाली. निवृत्त झाल्यावर मी थोरल्या चिरंजीवांकडे दौंडास राहावयास आलों. दौंडच्या पेठेंत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची भुसार मालाची आडत आहे. त्याचें नांव येथें देत नाहीं. तें त्याला रुचणार नाहीं. जातीनें ओसवाल जैन, वय बावन्नाच्या घरांत, व्यवहारांत चोख आणि बोलण्यांत बेताचा. घराणें मूळचें मारवाडांतलें. परंतु त्याच्या पणजोबांपासून सर्व पिढ्या शिरूरच्या मातींत वाढल्या, आणि घरांत मराठीच बोलली जाते. दर दसऱ्याला तो सोनें द्यावयास आमच्या घरीं येतो. वाटेंत भेट झाली तर आग्रहानें दुकानांत नेऊन गादीवर बसवतो. असा विद्यार्थी असला म्हणजे शिक्षकाच्या मनांत एक सुखद समजूत घर करते: आपण याला कांहीं तरी चांगलें दिलें असलें पाहिजे, एरव्हीं हा इतका आदर कां ठेवील? मीहि त्याच समजुतींत होतों.

गेल्या मार्गशीर्षांत एके सायंकाळीं तो घरीं आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाला,

"गुरुजी, आपण अंकाईचा किल्ला पाहिला आहे काय?"

"अंकाई-टंकाई? आगगाडींतून पुष्कळदां पाहिला आहे. वर जाणें कधीं झालें नाहीं."

"मला परवां मनमाडास जायचें आहे. काम दुपारचें आणि तासाभराचेंच आहे. आपण बरोबर आलांत तर सकाळीं किल्ला पाहून घेऊं. तेथें आमचीं लेणीं आहेत."

'आमचीं' म्हणतांना तो किंचित् थांबला होता, हें मला आतां आठवतें. त्या वेळीं तें माझ्या लक्षांत आलें नाहीं.

आमच्या घरांत या बेताला प्रथम विरोध झाला. "गुडघ्यांना रोज तेल मीं चोळायचें आणि किल्ले यांनीं चढायचे!" असा सौभाग्यवतीचा अभिप्राय पडला. परंतु अकरा वर्षांच्या नातवानें 'मीहि येणार' म्हणून धरणें धरलें, आणि नातू बरोबर असला म्हणजे आजोबांची काळजी घेणारा कोणी तरी आहे, अशा विचित्र तर्कानें आम्हां दोघांनाहि परवानगी मिळाली. सूनबाईंनीं दुधांत भिजवलेल्या दशम्या केल्या. चटणींत लसूण घालूं लागल्या तों मध्येंच थांबल्या आणि म्हणाल्या, "त्यांना कांदा-लसूण चालत नाहीं, आणि सूर्यास्तानंतर ते जेवतहि नाहींत. परतींचा फराळ उजेडींच उरकून घ्या बरें!" एवढी गोष्ट त्या माउलीच्या ध्यानांत होती. ज्या मनुष्यानें त्याच घरच्या मुलाला दोन वर्षें समोर बसवून शिकविलें होतें, त्याच्या ध्यानांत ती कधींच आली नव्हती.

रात्रींच्या गाडीनें आम्ही निघालों. दौंड सोडलें कीं गाडी लवकरच भीमेच्या पुलावर येते. नातवाला झोंप नव्हती. त्याच्या प्रश्नांची गाडी आमच्या गाडीपेक्षां वेगानें चालली होती. त्याला मीं सांगितलें कीं, दौंडाहून मनमाडास जाणारा हा २३६ किलोमीटरांचा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला होता. पोटासाठीं घरेंदारें सोडून निघालेल्या माणसांनीं या मार्गावर मातीच्या पाट्या वाहिल्या. आपण झोंपेंत ज्या भरावावरून जातों, तो कोणाच्या तरी भुकेनें घातलेला आहे. मूल क्षणभर गप्प झालें, मग खिडकीला नाक लावून बाहेरचा काळोख पाहूं लागलें. पुढें श्रीगोंदें गेलें, अहिल्यानगर गेलें (आमच्या जिभेवर अद्याप नगरच आहे), आणि पुणतांब्याजवळ गोदावरीचा पूल लागला तेव्हां तो माझ्या मांडीवर झोंपला होता. भीमेच्या कांठून निघून एका रात्रींत गोदा ओलांडणें ही आमच्या आजोबांच्या काळीं यात्रा झाली असती.

मनमाडास पहाटे उतरलों. स्थानकावर चहा घेतला, तोंडें धुतलीं, आणि उजाडतांच रिक्षा करून अंकाईच्या वाटेला लागलों. मनमाडच्या आसपास डोंगर असे विलक्षण आकाराचे आहेत कीं, पाहणाऱ्यास वाटावें, एखाद्या मुलानें पाटीवर मनाला येईल तशा रेघा ओढल्या आहेत. त्यांत एक सुळका आंगठ्यासारखा आकाशांत उभा आहे; त्याला लोक हडबीची शेंडी म्हणतात. त्याच्याच परिसरांत दोन सपाट माथ्यांचे डोंगर एका खिंडीनें जोडलेले दिसतात. ते अंकाई आणि टंकाई. अंकाई समुद्रसपाटीपासून ३,१०० फुटांहून उंच आहे आणि तिचे वरचे कडे भिंतीसारखे ताशीव आहेत. नाशिक जिल्ह्यांत इतकें बळकट दुर्गस्थान दुसरें क्वचितच सांपडेल. तथापि या किल्ल्याचें नशीब असें कीं, लढून तो फारसा गेलाच नाहीं. १६३५ त शहाजहानच्या फौजेनें तो घेतला तो किल्लेदाराला वश करून घेतला, असें सांगतात. १८१८ त इंग्रजांची फौज खालीं येऊन उभी राहिली तेव्हां तोफ डागण्याचीहि पाळी आली नाहीं. कड्यांनीं जें राखलें तें माणसांनीं सोडलें. किल्ल्यांच्या इतिहासांत हें नेहमींचेंच आहे.

परंतु आम्ही प्रथम चढलों तें किल्ल्याकडे नव्हे. अंकाई गांवांतून जी वाट वर जाते, तिच्यावर थोड्याच उंचीवर, टंकाईच्या दक्षिणेकडील अंगाला, एका ओळींत जैन लेणीं आहेत. ठळकपणें मोजावीं अशीं तीं सात. अभ्यासक त्यांचा काळ इसवी सनाचें अकरावें-बारावें शतक धरतात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधींचा, देवगिरीच्या यादवांच्या पूर्वजांचा काळ. त्या काळीं या मुलुखांत जैनांचें वास्तव्य आणि वजन मोठें होतें. नाशिकजवळ अंजनेरीस शके १०६३ चा एक संस्कृत शिलालेख आहे. त्यांत जैन मंदिराला दुकानांचें उत्पन्न दान दिल्याची नोंद आहे. हें मीं वाटेंत सांगितलें तेव्हां माझा विद्यार्थी हंसून म्हणाला, "म्हणजे गुरुजी, आडत तेव्हांपासून आहे म्हणायची."

लेणीं पाहून मी थक्क झालों. वेरूळच्या मानानें तीं लहान आहेत, पण हात तोच आहे. पहिल्या दोन लेण्यांना दोन-दोन मजले आहेत. दरवाज्याच्या चौकटींवर इतकी नक्षी आहे कीं, बोट टेकावयास मोकळी जागा नाहीं. एका दालनाच्या छताला मोठें कमळ कोरलें असून त्याच्या पाकळ्यांतून नाचणाऱ्या आणि वाद्यें वाजविणाऱ्या आकृति आहेत. दगड पुष्कळ झिजला आहे; कित्येक मूर्तींचीं नाकें गेलीं आहेत, हात गेले आहेत. पार्श्वनाथ मस्तकावरच्या सर्पफणांमुळें ओळखूं येतो. सभोंवार उन्हाची धग वाढूं लागली होती, परंतु आंत गारवा होता, आणि त्या गारव्यांत तीर्थंकर उभे होते. हातांत शस्त्र नाहीं, अंगावर वस्त्र नाहीं, कोणाला वर नाहीं कीं शाप नाहीं. हीं लेणीं दिगंबरांचीं. माझा विद्यार्थी श्वेतांबर, आणि त्यांतहि मूर्ति न पूजणाऱ्या स्थानकवासी घराण्यांतला. तरी तो पादत्राणें दूर काढून, हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. मीं पाहिलें आणि मीहि हात जोडले.

ओसरीच्या एका टोंकास हत्तीवर बसलेला इंद्र आहे. जाणते लोक त्याला सर्वानुभूति यक्ष म्हणतात. दुसऱ्या टोंकास आंब्याच्या झाडाखालीं बसलेली अंबिका. तिला पाहून नातू म्हणाला, "आजोबा, ही तर आपली देवीच!" मग तो हत्तीपाशीं गेला, त्याच्या झिजलेल्या अंगावरून हात फिरविला आणि विचारूं लागला, "देवळाच्या दाराशीं हत्ती कशाला?"

मी सवयीप्रमाणें ऐरावतापासून प्रारंभ करणार, इतक्यांत माझा विद्यार्थी मागून सावकाश म्हणाला,

"गुरुजी, हत्ती मागें लागला म्हणून आपण येथें शिरलां नाहीं. हत्ती तर आंतच बसला होता."

तो हंसत होता. परंतु माझ्या अंगावर कांटा आला. कारण त्या एका वाक्यासरशीं ३७ वर्षांपूर्वींचा एक तास माझ्यापुढें जसाच्या तसा उभा राहिला.

संस्कृत शिकलेल्या ब्राह्मण घरांतून एक वचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. प्राण कंठाशीं आले तरी यवनांची भाषा शिकूं नये, आणि हत्तीनें गांठलें तरी जैनांच्या मंदिरांत आसरा घेऊं नये, असा त्याचा भावार्थ. मला तें वडिलांनीं सांगितलें, त्यांना त्यांच्या गुरूंनीं. कोणी तें मनापासून पाळीत असे, असें नाहीं. माझे वडील ओसवाल सावकाराच्या पेढीवर बसून हिशेब लिहीत आणि दिवाळीला त्यांच्या घरची मिठाई आमच्याकडे येई. पण वचन तोंडांत होतें. इयत्ता नववीला कर्मणि वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण शिकवितांना मला तेंच सोयीचें उदाहरण वाटलें. मीं तें फळ्यावर लिहिलें, रूप सोडवून दाखविलें, आणि एवढ्यावर न थांबतां वर्गाला हंसविण्यासाठीं हाताची सोंड करून, हत्ती मागें लागलेला एक भट मंदिराच्या दारापर्यंत पळतो आणि दार पाहून पुन्हां हत्तीकडे वळतो, असा अभिनय करून दाखविला. वर्ग खदखदून हंसला. तो तास रंगला म्हणून मी स्वतःवर खूष झालों होतों. तिसऱ्या बाकावर एक ओसवालाचा मुलगा बसला आहे, याचें भान मला नव्हतें. भान नव्हतें, ही सबब म्हणून सांगत नाहीं. अपराध तोच आहे.

"तुझ्या तें अद्याप ध्यानांत आहे?" मीं विचारलें. माझा आवाज मलाच परका वाटला.

"आहे, गुरुजी. मीं त्या दिवशीं हात वर केला होता. आपण फळ्याकडे वळलां होतां."

"काय विचारायचें होतें तुला?"

"विचारायचें नव्हतें. सांगायचें होतें." तो ओसरीच्या कडेला बसला. "आमच्या आजोबांनीं माझ्याकडून लहानपणीं भक्तामर स्तोत्र पाठ करून घेतलें होतें. अर्थ कळत नव्हता. आठवींत आपण संस्कृत शिकवूं लागलां तेव्हां त्यांतले एकेक शब्द मला ओळखूं येऊं लागले. मोठा आनंद वाटायचा. त्या स्तोत्रांतहि एक हत्ती आहे. पिसाळलेला हत्ती अंगावर आला तरी भगवंताच्या आश्रयाला आलेल्याला भय नाहीं, असें कांहीं तरी आहे, एवढें मला लागलें होतें. आपण हत्तीचा श्लोक लिहिलात तेव्हां मला वाटलें, आतां मीहि सांगावें, गुरुजी, आमच्याकडे पण हत्ती आहे. म्हणून हात वर केला. मग सगळे हंसूं लागले. मीं हात खालीं घेतला."

"आणि दहावीला तूं संस्कृत सोडून संपूर्ण हिंदी घेतलेंस."

"हो."

मला तेंहि आठवलें. निकालाच्या वेळीं त्याच्या वडिलांशीं बोलतांना मीं म्हटलें होतें, 'मुलगा हुशार आहे, पण चिकाटी कमी.' हा शेरा त्या पित्यानें मुलाला सांगितला नसेल तर त्याचे उपकार.

माझा विद्यार्थी माझी अवस्था पाहून ओशाळला. "गुरुजी, मीं हें टोंचण्यासाठीं नाहीं बोललों. हत्ती दिसला आणि तोंडांतून निघून गेलें. आपल्यावर राग असता तर मीं आपल्याला येथें आणलें असतें काय?" तें खरेंच होतें. पण राग असता तर मला सोपें गेलें असतें. रागाला उत्तर देतां येतें. आदराला देतां येत नाहीं.

नातू सर्व ऐकत होता. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. अकराव्या वर्षीं मुलांना जितकें कळतें असें आपण समजतों, त्याहून पुष्कळ अधिक कळतें.

लेण्यांपासून आम्ही खिंडींत आलों आणि तेथून अंकाईच्या पायऱ्या चढूं लागलों. दरवाज्यामागून दरवाजे लागतात. गुडघे बोलूं लागले. प्रत्येक दरवाज्याशीं मी बसलों, आणि प्रत्येक बैठकींत मनांत तोच विचार. मी म्हणे संस्कृताचा शिक्षक! पण माझ्या संस्कृतांत जैनांचें किती होतें, हें मीं कधीं मुलांना सांगितलें काय? पंचतंत्राच्या गोष्टी मीं आयुष्यभर शिकविल्या. त्या ग्रंथाची एक सुप्रसिद्ध संहिता पूर्णभद्र नांवाच्या जैन मुनीनें इसवी सन ११९९ त सिद्ध केली. अभिधानचिंतामणि हा कोश मीं किती वेळां उघडला असेल, तो हेमचंद्रसूरींचा. पाटण आणि जेसलमेर येथील जैन ग्रंथभांडारांनीं आपल्या आगमांबरोबर ब्राह्मणांचे काव्य-शास्त्रग्रंथहि शतकानुशतकें वाळवीपासून राखले. त्यांच्या घरांत आमच्या पोथ्या सुखरूप होत्या, आणि आम्ही मात्र हत्ती मागें लागला तरी त्यांच्या दारांत शिरणार नव्हतों! आपल्या मराठी भाषेचे जे आरंभींचे शिलालेख, त्यांतला एक श्रवणबेळगोळास गोमटेश्वराच्या पायांशीं कोरलेला आहे. म्हणजे आपली भाषा बोलूं लागली तेव्हां ती एका जैन मूर्तीच्या चरणांजवळ उभी होती.

आणखी एक गोष्ट आठवली आणि मलाच हंसूं आलें. शिरूरास, जेथें ही घटना घडली, तेथें जुन्या छावणींत कर्नल वॉलेस या इंग्रज सरदाराचें थडगें आहे. तो १८०९ त वारला. गांवच्या शेतकऱ्यांनीं त्याला 'सत्पुरुष' ठरविलें आणि पिकाचें पहिलें धान्य त्याच्या थडग्याला नैवेद्य म्हणून नेण्याची चाल पडली, अशी गॅझेटियरांत नोंद आहे. अक्षरशत्रु कुणब्याला परधर्मीय फिरंग्याच्या थडग्यांत सत्पुरुष दिसला. आणि शास्त्र शिकलेल्या मला तिसऱ्या बाकावरचा मुलगा दिसला नाहीं. विद्येनें दृष्टि येते म्हणतात. केव्हां केव्हां ती झांकतेहि.

अंकाईच्या माथ्यावर विस्तीर्ण पठार आहे. तेथें तळें आहे आणि अगस्ति ऋषींचें स्थान आहे. आजूबाजूचे गांवकरी मोठ्या भक्तीनें तेथें येतात. आम्ही सावलींत बसलों, दशम्या सोडल्या. वारा भणाणत होता. खालीं रेल्वेचा रूळ चांदीच्या तारेसारखा दिसत होता. नातवानें अगस्तीची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला.

गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. विंध्य पर्वत गर्वानें वाढूं लागला, सूर्याचा मार्ग अडला. तेव्हां देवांनीं अगस्तीला गळ घातली. अगस्ति दक्षिणेकडे निघाले. गुरु आलेले पाहून विंध्य वांकला. 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असें सांगून अगस्ति जे गेले ते परत आलेच नाहींत. विंध्य अद्याप वांकलेला आहे. ही गोष्ट मीं शेंकडों वेळां सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळीं तिचें तात्पर्य गुरुभक्ति असें सांगितलें. त्या दिवशीं सांगतां सांगतां मात्र मी मध्येंच थांबलों. गुरूच्या एका शब्दानें वांकलेला शिष्य, आणि तो शब्द उच्चारून निघून गेलेला, मागें वळूनहि न पाहणारा गुरु! विंध्याकडून ही गोष्ट कोणी कधीं सांगितली आहे काय? अगस्तींनीं तें लोककल्याणासाठीं केलें. मीं पन्नास मुलांच्या हंशासाठीं केलें होतें.

"आजोबा, पुढें?" नातू म्हणाला.

मीं माझ्या विद्यार्थ्याकडे वळून म्हटलें, "बाळ, त्या दिवशीं माझी चूक झाली. वचनाची नव्हे, पूर्वजांची नव्हे; माझी. तूं मला क्षमा कर."

तो गडबडला, उठला आणि माझ्या पायांशीं वांकूं लागला. मीं त्याचे दोन्ही खांदे धरले. "आज नको," मीं म्हटलें, "आज तूं ताठ उभा राहा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलें. माझ्याहि आलें असेल. त्या वाऱ्यांत सांगतां येत नाहीं. अगस्ति परत आले नाहींत ते नाहींत. आपल्यासारख्या सामान्य शिक्षकाला तरी परत येतां येतें, उशिरा कां होईना, एवढेंच मला त्या माथ्यावर समजलें.

मनमाडचें त्याचें काम तिसऱ्या प्रहरीं उरकलें. सूनबाईंच्या सूचनेप्रमाणें उरलेला फराळ स्थानकाच्या बाकावर बसून आम्ही सूर्य मावळण्यापूर्वींच आटोपला. नातवानेंहि मुकाट्यानें आमच्याबरोबर खाऊन घेतलें आणि रात्रीं गाडींत भूक लागली तेव्हां पाणी पिऊन झोंपला. त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

घरीं आल्यावर सौभाग्यवतीनें गुडघ्यांना तेल लावतां लावतां प्रवासाची हकीकत विचारली. मीं सगळी सांगितली, वर्गांतल्या अभिनयासह. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुमच्या विनोदाला घरांत कोणी हंसत नसे, तें बरेंच होतें म्हणायचें." संसारांत अशा शिक्षा सौम्य समजाव्या.

त्यानंतर आमचा एक परिपाठ पडला आहे. दर रविवारीं सकाळीं तो दुकान उघडण्यापूर्वीं येतो. आम्ही भक्तामर वाचतों. मानतुंगाचार्यांचें हें स्तोत्र वसंततिलका वृत्तांत आहे. श्वेतांबर परंपरेंत त्याचे ४४ श्लोक आणि दिगंबर परंपरेंत ४८. संस्कृत शिकविण्यांत सारा जन्म गेला, पण मीं तें वाचलें नव्हतें, हें कबूल करावयास हरकत नाहीं. श्लोक त्याला पाठ आहेत, अन्वय मी लावतों. आमच्यांत गुरु कोण आणि शिष्य कोण, याचा निकाल लागत नाहीं. नातू शेजारीं बसतो. पुढच्या वर्षीं त्यालाहि संस्कृत घ्यावयाचें आहे असें तो म्हणतो. पुढील तीन इयत्तांत त्याचें मन बदललें नाहीं म्हणजे मिळविली.

गेल्या रविवारीं हत्तीचा श्लोक आला. मदानें माखलेला, भुंग्यांच्या गुंजारवानें चिडलेला, ऐरावतासारखा प्रचंड हत्ती अंगावर धांवून येतांना पाहूनहि जे देवाच्या आश्रयाला आले आहेत त्यांना भय वाटत नाहीं, असा अर्थ. आमच्या वचनांतला हत्ती माणसाला दारापासून हांकलतो; यांतला हत्ती दाराशीं येऊन निरुपाय होतो. प्राणी तोच. मीं श्लोकांतल्या 'धांवून येणारा' या अर्थाच्या शब्दावर बोट ठेवलें आणि जुन्या सवयीनें विचारलें,

"हें कोणतें रूप?"

बावन्न वर्षांच्या त्या गृहस्थानें क्षणभर विचार केला आणि मग, बाकावर बसल्यासारखा, उजवा हात वर केला. या वेळीं मी फळ्याकडे वळलों नव्हतों.

"सांग," मीं म्हटलें.

"वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषण, गुरुजी. पण कर्मणि नव्हे, कर्तरि."

"बरोबर," मीं म्हटलें. "बस खालीं."